दगडातला गुडघा

चुळबुळेमामांचं खरं आडनाव म्युझियममधल्या हजेरी मांडणाऱ्या कारकुनाला तेवढं ठाऊक होतं, आणि तोसुद्धा ते लिहिताना एकदा थबकायचा. बाकी सगळ्यांना ते चुळबुळेमामाच. हे नाव शाळेतल्या मास्तरांनी ठेवलेलं, आणि त्यात मास्तरांचा काडीचा दोष नव्हता. पोरगं एका जागी बसायचंच नाही. बाकावर बसवलं तर पाय हलायचे, पाय धरून ठेवले तर मान हलायची, आणि मान दाबून धरली तर कान हलायचे. माणसाला कान हलवता येतात हे कळल्यावर अख्खा वर्ग फळा सोडून त्या कानांकडे बघत बसला. शेवटी मास्तरांनी त्याला खिडकीशी उभं केलं आणि म्हणाले, "तू उभ्यानंच शीक बाबा. आणि चुळबूळ करायची ती बाहेरच्या अंगाला कर."

मामांच्या घरात भिंतीवर एक जुना फोटो आहे. सगळं कुटुंब ओळीनं बसलंय, कपडे कडक, चेहरे त्याहून कडक. आणि पुढच्या रांगेत मधोमध एक धुराचा लोट बसलाय, त्याला अर्धी चड्डी आहे आणि दोन नाकं आहेत. ते मामा. फोटोवाल्यानं "हलू नका" म्हटलं आणि तेच ऐकून ते हलले. याच फोटोत उजव्या कडेला एक म्हातारे गृहस्थ उभे आहेत, टोपी पोटाशी धरून. ते कोण, हे आजतागायत ठरलेलं नाही. मामांची थोरली बहीण अक्का छातीठोक सांगते की ते आजोबांचे चुलतभाऊ. मामी म्हणतात, कसले चुलतभाऊ, तो फोटोवाल्याचा बाप असणार. उजेड बघायला उभा केला आणि तिथंच विसरला. या म्हाताऱ्यावरून नणंद-भावजयीचं इतक्यांदा वाजलंय, की बिचारा पायांनी चालता असता तर कधीच चौकटीबाहेर निघून गेला असता. त्याला सध्या तिथंच उभा राहू द्या.

तर असा हा माणूस, हलण्यातच जन्मलेला. तरुणपणी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. शिडीवर चढून काम, म्हणजे हललं की पडलं. त्या धाकानं हात स्थिर राहायचा. म्युझियममधले एक जुने साहेब खालून जाताना थांबले, त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "अहो, केसाएवढी रेघ काढता येईल का?" मामा वरूनच म्हणाले, "कुणाच्या केसाएवढी? माझ्या, की तुमच्या?" साहेबांच्या डोक्यावर केस नव्हते. ते खो खो हसले, आणि दुसऱ्या दिवशी मामा म्युझियमच्या मागच्या खोलीत मायक्रोस्कोपसमोर बसले होते.

तिथं एक अजब झालं. भिंगातून पहिल्यांदा दगडाकडे पाहिलं आणि मामा थांबले. पाय थांबले, मान थांबली, कानसुद्धा थांबले. शिपाई चहा घेऊन आला, हाक मारली, उत्तर नाही. खांदा हलवला, तरी नाही. त्यानं कप खाली ठेवला आणि व्हरांड्यात जाऊन ओरडला, "नवा माणूस गेला हो!" सगळे धावत आले. मामा डोळा न काढता म्हणाले, "गेलो नाही. ओरडू नका, गोगलगाय आहे, पळून जाईल." कोट्यवधी वर्षं जागची न हललेली गोगलगाय! पण तेव्हापासून मामांचा जन्म दोन भागांत वाटला गेला. भिंगासमोर दगड, आणि भिंगावरून उठलं की भोवरा.

काम होतं जीवाश्मांची चित्रं काढण्याचं. समुद्राच्या तळाशी कधीकाळी गाळाखाली दबून मेलेले जीव. गाळाचा दगड झाला, आणि जिवाचा त्या दगडावर नुसता काळा डाग उरला. फोटोत डाग डागच दिसतो. चित्रकाराला डागातला जीव वेगळा काढून दाखवावा लागतो. त्यासाठी मायक्रोस्कोपला एक आरशाची नळी लावलेली असते. डोळा भिंगाला लावला की त्यात दगड दिसतो, आणि आरशामुळे त्याच दगडावर आपला हात, आपली पेन्सिल आणि खालचा कागद हेही दिसतात. पेन्सिल जणू दगडावरूनच चालतेय. डागाच्या कडेकडेनं तिला चालवत न्यायचं, की कागदावर चित्र उतरतं.

आणि या धंद्याचा एकच कायदा, तो जुन्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलेला. जे दिसलं त्याची रेघ सलग, जे असावं असं वाटलं त्याची ठिपक्यांची. मामांनी तो कायदा इतका अंगी बाणवला, की घरीसुद्धा तसंच बोलायचे. मामींनी विचारलं, "दूध उतू गेलं का?" की हे म्हणणार, "ठिपक्यांत गेलंय. वास आला, बघितलं नाही." मामी कपाळाला हात लावायच्या.

जुने साहेब गेले, आणखी साहेब आले आणि गेले, मामांच्या डोक्यावरचे केसही त्या साहेबांच्या वाटेनं गेले. आणि मग आल्या डॉक्टरीणबाई. त्या दगडांतल्या जिवांच्या डॉक्टर, पण दारावरचे वॉचमन हवालदार यांना ते पटायला वेळ लागला. पहिल्याच दिवशी त्यांनी बाईंना गुडघ्यावर औषध विचारलं. बाई म्हणाल्या, "अहो, मी दगडांची डॉक्टर." हवालदार म्हणाले, "मग बरोबर आहे. दगडच झालेत त्यांचे."

बाई हुशार, कष्टाळू आणि बोलक्या. बोलण्यावर त्यांचा ताबाच नव्हता. विचार डोक्यात आला की तोंडातून बाहेर, मध्ये थांबायला जागा नाही. त्यांची नोकरी हंगामी होती. कायम करायची की नाही हे कमिटी ठरवणार होती, आणि कमिटी बघणार होती बाईंच्या हातून मोठं काही होतंय का. वर्षामागून वर्षं बाईंनी कुठल्या कुठल्या डोंगरांतून पाटीसारखे पातळ दगड फोडून आणले. आणि एकदा एका दगडातून निघाले आजोबा.

आजोबा हे बाईंनी ठेवलेलं नाव. बोटाच्या पेराएवढा जीव, अळीसारखा लांबट, खाली दोन्ही अंगांना पाय. वय पन्नास कोटी वर्षांच्या वर. त्या काळात समुद्रात तऱ्हेतऱ्हेचे प्राणी एकदम दिसू लागतात, जणू कुणी दार उघडलं आणि सगळी वरात आत शिरली. आजचे खेकडे, विंचू, मुंग्या, डास, झुरळं, या सगळ्यांचे पाय सांध्यांचे असतात. त्यांचं मूळ कुठं, पहिला सांधा कुणाच्या पायात आला, यावर जगभरची माणसं डोकं खाजवतायत. आणि बाईंच्या या जिवाच्या एका पायावर, बरोबर मध्यावर, एक आडवी रेघ होती. सांधा! म्हणजे गुडघा! मामांच्या चित्रात ती भुवईच्या केसाएवढी आडवी रेघ होती. सलग.

त्या रेघेनं धमाल उडवून दिली. मोठ्या मासिकानं बाईंचा लेख घेतला. आताचे मोठे साहेब तर हवेतच गेले. लेख छापून यायच्या आधीच त्यांनी नव्या दालनात काचेची पेटी करवून घेतली, आजोबांना आत बसवलं, पेटीला सील लावलं, आणि वर पाटी टांगली : 'जगातला सर्वांत जुना गुडघा'. उद्घाटनाला ते त्या गुडघ्यावर इतकं बोलले, की उभ्या असलेल्या सगळ्यांचे गुडघे भरून आले. पाहुणे येऊ लागले. म्हातारीकोतारी माणसं पेटीसमोर उभी राहून आपले गुडघे चोळायची आणि म्हणायची, "याचंही दुखत असेल का हो?"

मग छापखान्याकडून लेखाचं प्रूफ आलं. बाईंनी कौतुकानं मामांच्या हातात ठेवलं. चित्र मोठं करून पानभर छापलेलं. मामा बघून खूश झाले. पुन्हा बघितलं, आणि खुशी जरा पातळ झाली. तिसऱ्यांदा बघितलं, आणि कान हलायला लागले.

ती रेघ पायाच्या या कडेला सुरू होत होती आणि त्या कडेला थांबत होती. अगदी नेमकी, जणू कुणी पट्टी लावून कापलीय. उभ्या जन्मात मामांनी दगडात इतकी शहाणी रेघ पाहिली नव्हती. दगडातली रेघ फाटते, भरकटते, पुसट होते. ही कशी काय इतकी आज्ञाधारक?

आणि मग आठवलं. पेन्सिल त्या पायाशी आली तेव्हा बाई मागं उभ्या होत्या. खांद्यावरून म्हणाल्या होत्या, "मामा, तिथं सांधा आहे बघा. आहे ना?" त्यांचा आवाज आनंदानं चिरकत होता. आणि मामांचा हात पुढं गेला होता. मग त्यांनी पुन्हा भिंगातून पाहिलं, तर रेघ होतीच. पण ती कुठली? दगडावरची, की कागदावरची? नळीतून बघताना दोन्ही एकावर एक पडतात. एकदा कागदावर रेघ ओढली की ती दगडावरही दिसायला लागते. त्या घडीला रेघ आधी दिसली की आधी ओढली, हे मामांना काही केल्या आठवेना.

झालं. चुळबूळ म्हणजे काय हे म्युझियमनं तोवर पाहिलंच नव्हतं, असं म्हणायची पाळी आली. मामा खोलीत जायचे, बाहेर यायचे, जिन्यावर चढायचे आणि कशाला चढलो ते विसरून उतरायचे. आधी त्यांनी त्या दगडाचे जुने फोटो बाहेर काढून बघितले. पण म्युझियमच्या फोटोवाल्यानं दगड पाण्याखाली ठेवून वरून उजेड टाकला होता. काळा रंग झकास उठला होता आणि उंचसखल सगळं सपाट झालं होतं. तिथं काहीतरी आडवं होतं एवढंच दिसत होतं. ते आडवं काय, हे बघायला दगडच हवा, आणि त्यावर कडेनं, निजल्यासारखा तिरपा उजेड हवा. दगड पेटीत. पेटीला सील. सील मोठ्या साहेबांचं. ते काढायला सांगायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की बाईंच्या नोकरीवर पाणी. नुसत्या शंकेवर माणसाचं घर कसं पेटवायचं?

घरी जेवायला बसले तर घास हातात आणि नजर भिंतीवर.

"अहो, जेवा की," मामी म्हणाल्या. "ताटात बघून जेवतात, भिंतीवर नाही."

मामांनी विचारलं, "अक्का, ते कडेचे म्हातारे आजोबांचे चुलतभाऊ, हे तू बघितलंस का गं?"

"म्हणजे काय! आईनंच सांगितलंय मला."

"आईला कुणी सांगितलं?"

"आईला कशाला कुणी सांगायला हवं? आईला माहीत होतं."

"पण हा फोटो काढला तेव्हा आई तर माहेरी गेली होती ना? ती यात कुठंय?"

अक्काचा घास थांबला. "अरे, मग मी विचारलं असेल तिला, हे आजोबांचे चुलतभाऊ ना म्हणून. आणि ती हो म्हणाली असेल."

मामी पदर तोंडाशी धरून हसायला लागल्या. "तरी मी म्हणत होते! फोटोवाल्याचा बाप!"

"आणि तुला कुणी सांगितलं?" मामा वळले.

"मला कुणी सांगायला कशाला हवं? दिसतंच आहे तोंडावर!"

मामा ताटावरून उठले. "अरे, हात तरी धू!" अक्का मागून ओरडली, पण हे बाहेर अंगणात फेऱ्या घालत होते. अक्का विचारते, आई हो म्हणते, आणि तिथून पुढं ते पक्कं होतं. बाईंनी विचारलं, हात हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ते खिशात टॉर्च घालून दालनात गेले. पेटीला गाल लावला, टॉर्च काचेच्या कडेला टेकवली. काचेत टॉर्च दिसली, टॉर्चमागं स्वतःचा डोळा दिसला, डोळ्यामागं हवालदार उभे दिसले.

"मामा, काचेवर नाक घासू नका. पुसायला मला लागतं."

"हवालदार, जरा हा दिवा धरता का असा, आडवा?"

"धरतो की. पण आधी सांगा, चोरी करताय का?"

"चोरी कशाला करू?"

"मग नको. चोरी असती तर निदान ड्यूटीत काही घडलं असतं." हवालदारांनी दिवा धरला, आडवा, उभा, तिरका, सगळ्या अंगांनी धरला. काचेनं सगळा उजेड उलटा तोंडावर फेकला. शाळेची मुलं आली होती, त्यातली एक मुलगी आपल्या शिक्षिकेला मोठ्यानं विचारू लागली, "मॅडम, हे आजोबा काचेच्या बाहेर कसे?" मामा तिथून निघाले.

इकडे प्रूफ बाईंच्या टेबलावर, सही करून पाठवायच्या तयारीत. एकदा ते गेलं की रेघ जगभर जाणार, पुस्तकांत जाणार, पोरं पाठ करणार. मामा बाईंच्या दारापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. बाई आतून विचारायच्या, "काय मामा?" हे म्हणायचे, "काही नाही, गुडघे मोकळे करतोय."

वाट निघाली ती वायरमनच्या शिडीवरून. पेटीवरच्या दिव्यात बिघाड झाला. लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. मोठ्या साहेबांना आपला गुडघा डोळे मिचकावतोय हे कसं खपावं? वायरमन आला, पेटीचं वरचं झाकण उचलून आतला दिवा सोडवला, आणि कामापुरता उजेड हवा म्हणून वायरला एक बल्ब लटकवून पेटीत सोडला. सील लागलेली होती ती समोरची काच. वरच्या झाकणाला सील लावायचं कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. मामा तिथंच घुटमळत होते. बल्ब वाऱ्यावर हलायला लागला. तो डावीकडे गेला, उजवीकडे गेला, आणि खाली झुकून दगडाच्या अगदी अंगाशी आला, तशा सावल्या लांब झाल्या आणि आखडल्या.

"अरे, थांब!" मामा ओरडले.

वायरमननं घाबरून बल्ब धरला. "काय झालं? करंट लागला?"

"धरू नको! सोड! हलव!"

"थांबू की हलवू? एक काय ते सांगा मामा, मी शिडीवर आहे."

"हलव बाबा, हलव! खालून हलव, दगडाला घासून जाईल असा!"

वायरमननं खांदे उडवले आणि बल्बला झोका दिला. मामांनी खिशातलं भिंग काढून काचेला लावलं. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते हलायचे थांबले. उजेड येत होता, जात होता, आणि प्रत्येक झोक्याला ती आडवी रेघ सावलीसारखी उठत होती. पायाच्या या कडेला ती सुरू झाली नव्हती. त्याच्या कितीतरी आधी, कोऱ्या दगडात सुरू झाली होती. पाय ओलांडून ती पलीकडे गेली होती, तिथून शेजारच्या पायाखालून कोपऱ्याकडे. पाय मध्ये आहे याचं तिला भानही नव्हतं. दगडाचा तडा होता तो. पायाचा सांधा असता तर पायापुरताच असता.

मामा सरळ बाईंच्या खोलीत गेले.

"मामा, आज बोलायला वेळ नाही हं," बाई हसत म्हणाल्या. "प्रूफ पाठवतेय. तुमच्या चित्राचं सगळीकडे..."

"त्याच्याबद्दलच आलोय."

"बसा ना मग."

"बसलो तर सांगता यायचं नाही." मामा या पायावरून त्या पायावर भार टाकत होते. "बाई, तो गुडघा काढून टाका. तो पायाचा नाही, दगडाचा आहे. तडा गेलाय. पायाबाहेरपर्यंत जातो. मी कडेशी तोडला."

"तोडला म्हणजे?"

"हातानं तोडला. डोळ्यानं पाहिला नव्हता."

बाई आधी हसल्या. मग त्यांना दिसलं की मामांचे कान हलतायत, आणि त्यांचं हसू विरलं. "असं कसं? मामा, मी स्वतः पाहिलाय. तुम्ही चहाला उठलात, मी तुमच्या जागी बसले, नळीतून पाहिलं, स्पष्ट होता."

"नळीतून पाहिलंत," मामा म्हणाले. "खाली कागद होता का?"

उत्तर द्यायच्या आत बाईंना सगळं कळलं होतं. हुशार होत्या, समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"कागद तिथंच होता," त्या हळू म्हणाल्या. "मी तुमची रेघ पाहिली."

"आणि मी तुमचा आवाज ओढला."

"मग पहिल्यांदा पाहिला कुणी?"

मग बाई चिडल्या, आणि चिडणारच. "आत्ता सांगताय? आत्ता? आज हे जाणार होतं, पुढच्या महिन्यात कमिटी बसणार होती!" फाइल उचलली, पुन्हा आपटली, खिडकीपर्यंत गेल्या आणि तिथं पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मामा जायला वळले. "थांबा," त्या न वळता म्हणाल्या. "कुठं निघालात? मला तो दगड दाखवा."

मोठ्या साहेबांकडे जाणं ही वेगळीच पंचाईत. ते ऐकून खुर्चीतून उठले आणि परत बसले. "अहो, उद्घाटनाला मी सगळ्यांसमोर बोललोय त्या गुडघ्यावर!"

"गुडघाच नाही, साहेब," बाई म्हणाल्या.

"थोडासा तरी असेल! अगदी थोडासा वाकत असेल!"

सील निघालं. बाईंनी दगड मायक्रोस्कोपखाली ठेवला, नळी काढून बाजूला केली, दिवा आडवा निजवला. त्या भिंगाला चिकटल्या त्या चिकटल्याच. मोठे साहेब नखं चावत होते, मामा दारात फेऱ्या मारत होते.

"तडा," बाई शेवटी म्हणाल्या. मोठ्या साहेबांनी सुस्कारा सोडला आणि आपली पाटी उतरवायला निघून गेले. पण बाई उठल्या नाहीत. "मामा, पायाच्या टोकांशी नखं काढलीयत तुम्ही. वाकडी. ती?"

"ती मी पाहिली. तुम्ही त्या दिवशी त्याबद्दल काही बोललाच नव्हतात."

बाईंनी एकेका पायाचं टोक बघितलं. "आहेत," त्या म्हणाल्या. "अंगावर सुरकुत्यांच्या वळ्या आहेत, पाय मऊ, सांधा नाही, टोकाला टणक नखं." आता त्या पुन्हा मोठ्यानं विचार करू लागल्या होत्या. "म्हणजे खेकड्याविंचवांचे हे थेट आजोबा नव्हेत. पण परकेही नाहीत. त्याच घरातले, कडेला उभे. कुणाचे कोण, ते सांगता यायचं नाही."

"टोपी पोटाशी धरून," मामा म्हणाले.

"काय?"

"काही नाही. आमच्याकडे एक आहेत तसे."

पुढं जे झालं ते गोड नव्हतं. बाईंनी स्वतः मासिकाला पत्र लिहून लेख परत मागवला. मोठ्या मासिकानं जागा दुसऱ्याला दिली. लेख नव्यानं लिहून एका लहानशा मासिकात आला, आणि त्यातल्या चित्रात तो तडा कोऱ्या दगडापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण काढलेला होता. कमिटीनं बाईंना कायम केलं नाही. मुदत तेवढी वाढवली. बाई मामांशी कामापुरतं बोलायच्या, आणि बोलक्या बाईनं कामापुरतं बोलणं म्हणजे माणसाला उन्हात उभं करण्यासारखं. मामांनी ते सोसलं. पेटीत आजोबा तसेच होते, नव्या पाटीवर मोठ्या साहेबांनी नाइलाजानं लिहिलं होतं, 'एक प्राचीन प्राणी'. पाहुणे निराश होऊन पुढं जायचे. हवालदार मात्र एकेकाला थांबवून सांगायचे, "याला गुडघे नाहीत. सुखी प्राणी."

मग एका सकाळी पावलं वाजली आणि बाई मामांच्या खोलीत आल्या. हातात ट्रे, ट्रेमध्ये कापसावर नवा दगड.

"हा घ्या," त्या म्हणाल्या. "काय आहे ते मी सांगणार नाही."

"बरं."

"आणि मागं उभीसुद्धा राहणार नाही."

"बरं."

बाई बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं. मामांनी दगड भिंगाखाली ठेवला, दिवा निजवला. पाय थांबले, मान थांबली. व्हरांड्यात चपला वाजू लागल्या. इकडून तिकडे, तिकडून इकडे. हवालदारांचा आवाज आला, "बाई, बसा की. फरशी झिजेल." "बसते हो," बाई म्हणाल्या आणि चपला पुन्हा वाजू लागल्या. मग दाराशी येऊन थांबल्या.

"मामा, दिसतंय का हो काही? म्हणजे डाव्या बाजूला..."

"बाई!"

"नाही, नाही! मी काहीच म्हटलं नाही!" चपला पुन्हा दूर गेल्या, आणि लगेच जवळ आल्या. "पण दिसतंय ना?"

मामांनी डोळा काढला नाही. खाली टेबल रिकामं होतं, पेन्सिल कानामागं होती.

"बाई," ते आतून म्हणाले, "अजून कागद ठेवलेला नाही. खुशाल चहा घेऊन या."